बुडीत खात्यातील काच

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका शास्त्रज्ञाचे चरित्र सांगावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आमचा संबंध जमा आणि नावे यांच्याशी. प्रकाश, चुंबक आणि काच यांच्याशी नव्हे. पण मायकेल फॅरेडे यांच्या चरित्राकडे मी वळलो तो एका हिशेबामुळेच. दहावीनंतर मी पी. यु. सी.ला विज्ञान शाखा घेतली होती. शाळा मराठी माध्यमाची आणि तेथून एकदम इंग्रजीतून भौतिकशास्त्र व गणित. वर्षअखेरीस दोन्ही विषयांत नापास झालो आणि पुढच्या वर्षी वाणिज्य शाखेत आलो. घरी कोणी फारसे बोलले नाही. पण ते वर्ष, त्याची फी आणि पुस्तकांचा खर्च बुडीत खात्यात गेला असे सर्वांनी धरले. मीही धरले. फॅरेडे यांच्याही आयुष्यात असाच एक तोटा आहे आणि तो एका वर्षाचा नव्हे, तर सुमारे पाच वर्षांचा आहे, हे वाचनात आले तेव्हा मी त्यांचे चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचून काढले. शाळेच्या पुस्तकात फॅरेडे म्हटले की तारेचे वेटोळे आणि चुंबक एवढेच येते. मला येथे सांगायची आहे ती त्यांच्या काचेची हकीकत.

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. इंग्लंडच्या उत्तर भागातील वेस्टमोरलंडमधून ते पोटासाठी लंडनकडे आले होते. त्यांची प्रकृती बरी नसे, त्यामुळे कामाचे खाडे पडत. १८०१ साली धान्याचे भाव भडकले तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि साधे अंकगणित एवढेच पदरात पडले. उच्च गणित त्यांना पुढे जन्मभर आले नाही. हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. संपत्ती साठवू नये, मानसन्मानाच्या मागे धावू नये, अशी त्या पंथाची शिकवण. फॅरेडे यांनी ती अखेरपर्यंत पाळली.

१८०४ साली, तेराव्या वर्षी, मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. पुढच्या वर्षी रिबो यांनी त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवले आणि त्यासाठी फीही घेतली नाही. बांधणीसाठी आलेली पुस्तके हा मुलगा आधी वाची आणि मग शिवी. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याला वेड लावले. तुटपुंज्या पैशांतून बाटल्या आणि तारा आणून, पुस्तकातले खरे की खोटे ते तो स्वतः पाहू लागला. १८१० पासून तो टेटम नावाच्या गृहस्थांच्या सायंकाळच्या व्याख्यानांना जाऊ लागला. दर व्याख्यानाला एक शिलिंग पडे. हा शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही वडिलांसारखा लोहारच. त्याच वर्षी वडील वारले.

१८१२ साली दुकानातील एका ग्राहकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळातील इंग्लंडचे सर्वांत नामवंत रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, आकृत्या काढल्या, आणि सुमारे तीनशे पानांचे ते बाड आपल्याच हातांनी बांधून डेव्ही यांच्याकडे पाठवून दिले. सात वर्षे शिकलेला धंदा अशा रीतीने कामी आला. १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमले. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढली जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी त्याच इमारतीत काम केले.

डेव्ही आणि फॅरेडे यांचे नाते सरळ नव्हते. १८१३ ते १८१५ या काळात डेव्ही यांनी त्यांना युरोपच्या प्रवासाला नेले. तेथील शास्त्रज्ञ फॅरेडे यांना पाहता आले, पण प्रवासात त्यांना घरगड्याचेही काम करावे लागले आणि लेडी डेव्ही यांनी त्यांना नोकराप्रमाणेच वागवले. १८२१ साली फॅरेडे यांचा विवाह सेरा बर्नार्ड यांच्याशी झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी विजेच्या तारेला चुंबकाभोवती सतत फिरत ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला. विजेवर चालणाऱ्या सर्व मोटारींचे मूळ त्यात आहे. परंतु हे प्रसिद्ध करताना त्यांनी वोलास्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांचे नाव घेतले नाही, म्हणून कल्पना चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला. वस्तुतः प्रयोग त्यांचा स्वतःचा होता. १८२४ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्यांना मिळाले ते सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांचा विरोध असतानाच. लोहाराच्या मुलाने इतके वर यावे, हे त्याला वर आणणाऱ्यालाच सहन झाले नाही, असे दिसते.

येथून काचेचे प्रकरण सुरू होते. चांगल्या दुर्बिणीच्या भिंगाला दोन प्रकारच्या काचा लागतात. एक साधी, क्राउन काच. दुसरी शिसे घातलेली, फ्लिंट काच. दोन्हींची भिंगे जोडली म्हणजे प्रतिमेच्या कडेचे रंग नाहीसे होतात. अडचण अशी, की शिसे जड असल्यामुळे वितळलेल्या काचेत ते खाली बसते. मग काच सगळीकडे सारखी राहत नाही. सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा रेघा तिच्यात राहतात. त्या काळी निर्दोष फ्लिंट काचेचे मोठे तुकडे इंग्लंडात होत नसत. सरकारने काचेवर जबर अबकारी कर बसवला होता आणि कारखान्यांवर अबकारी अधिकाऱ्यांचा सतत पहारा असे, त्यामुळे नवे प्रयोग करण्यास कोणी धजत नसे. (हा कर १८४५ साली उठला.) उलट जर्मनीत म्युनिकजवळ फ्राउनहोफर यांनी उत्तम काच बनवली आणि १८२४ साली डॉर्पात येथील वेधशाळेला सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण दिली. ज्या देशाचे आरमार साऱ्या समुद्रांवर फिरत होते, त्याला भिंगासाठी परक्याच्या दारी जावे लागणे मानहानीचे वाटले. रॉयल सोसायटी आणि रेखांश मंडळ यांनी मिळून समिती नेमली. १८२५ साली तिची एक तीन जणांची उपसमिती झाली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी काच तपासायची, उपकरणे बनवणारे डॉलंड यांनी ती घासायची आणि फॅरेडे यांनी ती तयार करायची.

फॅरेडे यांनी हे काम मागितलेले नव्हते. विद्युत आणि चुंबक यांचे प्रयोग अर्धवट राहिले होते. पण नेमून दिलेले काम टाकून देण्याची त्यांची वृत्ती नव्हती. सुरुवातीला काच पेलट आणि ग्रीन यांच्या कारखान्यात वितळवली जाई. तो रॉयल इन्स्टिट्यूशनपासून सुमारे तीन मैलांवर होता आणि तेथे वारंवार जाणे कामात बसेना. म्हणून सप्टेंबर १८२७ मध्ये इन्स्टिट्यूशनमध्येच भट्टी बांधली गेली. भट्टीच्या देखरेखीसाठी त्या वर्षाच्या अखेरीस तोफखान्यातील सार्जंट चार्ल्स अँडरसन यांना नेमण्यात आले. या अँडरसनविषयी एक गोष्ट सांगतात. एके रात्री त्यांना घरी जा असे सांगायला फॅरेडे विसरले. सकाळी येऊन पाहतात तो अँडरसन रात्रभर जागून भट्टी धगधगत ठेवत होते. जवळजवळ चार दशके, मरेपर्यंत, ते फॅरेडे यांच्याजवळ राहिले. भट्टीच्या खर्चाच्या खात्यावर आलेला हा एकच माणूस पुढे कायमचा जमेच्या बाजूला राहिला, असे मला वाटते.

फॅरेडे यांनी नेहमीच्या फ्लिंट काचेचा नाद सोडून निराळाच घाट घातला. शिशाचे ऑक्साइड, बोरिक आम्ल आणि सिलिका यांपासून त्यांनी एक अतिशय जड काच तयार केली. ती कमी उष्णतेवर वितळे, पण मातीच्या भांड्याला खाऊन टाकी. म्हणून प्लॅटिनमच्या पत्र्याची तबके वापरावी लागली. त्या मालात धातुरूप शिशाचा थोडाही अंश राहिला, तर तो प्लॅटिनमलाच भोक पाडी आणि सारी काच वाहून जाई. बुडबुडे वर यावेत म्हणून वितळलेल्या काचेत प्लॅटिनमची बारीक भुकटी टाकायची, रेघा जाव्यात म्हणून प्लॅटिनमच्या दांड्याने ढवळत राहायचे, आणि मग फार सावकाश थंड होऊ द्यायचे. प्रत्येक तुकड्यात काय घातले, किती वेळ तापवले, काय बिघडले, याची नोंद त्यांनी ठेवली. १८२९ च्या अखेरीस त्यांनी हे सारे रॉयल सोसायटीपुढे मांडले. निबंध इतका मोठा होता की तो वाचून संपवायला तीन बैठका लागल्या.

आणि निष्पत्ती? व्यवहाराच्या दृष्टीने काही नाही. ज्या मोठ्या दुर्बिणीसाठी हा खटाटोप होता, तिला या काचेचा उपयोग झाला नाही. काच पिवळसर होती, मऊ होती आणि मोठे निर्दोष तुकडे मिळणे अवघड होते. इंग्लंडची भिंगे सुधारली नाहीत. १८३१ च्या उन्हाळ्यात फॅरेडे यांनी हे काम सोडले. वयाच्या तिशीतली, शास्त्रज्ञाच्या उमेदीची वर्षे त्यात गेली होती. डेव्ही १८२९ साली वारले होते. त्यांनी मुद्दाम फॅरेडे यांना या भट्टीला जुंपले, असाही तर्क काही जण करतात. खरे खोटे आज कोण सांगणार?

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर १८३१ साली हे खाते तोट्यात बंद झाले. मात्र फॅरेडे यांनी दोन गोष्टी केल्या. एक, लगेच आपल्या खऱ्या कामाला लागले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्याभोवती दोन तारा गुंडाळून त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण होते हे दाखवले. आज आपल्या घरातील दिवा ज्या जनित्रांवर जळतो, त्यांचा पाया या प्रयोगात आहे. म्हणजे काचेतून सुटका झाल्यावर दोन महिन्यांच्या आत जगाला वीज मिळाली. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी काचेचे तुकडे फेकले नाहीत.

येथे पैशांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या शाखेला त्याचे कुतूहल अधिक. रासायनिक पृथक्करण करून देण्याच्या धंद्यात फॅरेडे यांना १८३० च्या सुमारास वर्षाला हजार पौंडांहून अधिक मिळू लागले होते. इन्स्टिट्यूशनचा पगार होता वर्षाला शंभर पौंड. विजेचा शोध लागल्यावर त्यांनी तो धंदा जवळजवळ सोडून दिला. पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले गेले, तेही घेतले नाही. १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. चक्कर येई आणि स्मरणशक्ती दगा देई. १८४१ साली हवापालटासाठी ते स्वित्झर्लंडला जाऊन आले. बरीच वर्षे संशोधन मंद राहिले. या विस्मरणावर त्यांचा उपाय एकच होता, तो म्हणजे रोजकीर्द. १८३२ पासून प्रयोगाच्या वहीतील प्रत्येक परिच्छेदाला त्यांनी ओळीने क्रमांक घातला होता आणि ते क्रमांक अखेरीस १६०४१ वर पोहोचले. एखादी जुनी नोंद हवी असली की क्रमांकावरून सापडे. आम्हाला हिशेबनीसाची शिस्त म्हणून जे शिकवतात, ते हेच.

१८४५ च्या ऑगस्टमध्ये विल्यम थॉमसन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने त्यांना पत्र लिहून विजेचा पारदर्शक पदार्थातून जाणाऱ्या प्रकाशावर काही परिणाम होतो का, असे विचारले. (हाच तरुण पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाला.) फॅरेडे यांना हा प्रश्न नवा नव्हता, पूर्वी त्यांनी तो करून पाहिला होता आणि हाती काही लागले नव्हते. निसर्गातील सर्व शक्ती मुळात एकमेकींशी जोडलेल्या असल्या पाहिजेत, अशी त्यांची श्रद्धा होती. वयाची त्रेपन्न वर्षे झाली असताना ते पुन्हा कामाला लागले.

प्रयोग असा. प्रकाशाच्या लहरी ज्या दिशेने जातात, तिला आडव्या अशा सर्व दिशांनी थरथरतात. काही युक्तीने त्यांतली एकच दिशा ठेवता येते. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. एक लांब दोरी उभ्या गजांच्या खिडकीतून पलीकडे नेली आणि हलवली, तर उभी लाट पार होते आणि आडवी लाट गजांना अडते, तसेच हे समजावे. दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तित करून फॅरेडे यांनी तो ध्रुवित केला आणि पलीकडे निकोल यांचा स्फटिक अशा बेताने लावला की प्रकाश पूर्ण अडावा आणि डोळ्याला अंधार दिसावा. मध्ये निरनिराळे पदार्थ ठेवायचे आणि विजेचा किंवा चुंबकाचा प्रयोग करून अंधार हटतो का ते पाहायचे. विजेने काही झाले नाही. मग १३ सप्टेंबर रोजी चुंबक घेतला. हवेत काही नाही. साध्या फ्लिंट काचेत काही नाही. स्फटिकांत काही नाही.

तेव्हा त्यांनी तो जुना जड काचेचा तुकडा काढला. दोन इंच लांबरुंद, अर्धा इंच जाडीचा. भट्टी विझून चौदा वर्षे होऊन गेली होती. विद्युतचुंबकात प्रवाह सोडताच काळोखात दिव्याची ज्योत दिसू लागली. प्रवाह थांबवला की ती नाहीशी होई. पुन्हा सोडला की पुन्हा दिसे. चुंबकाने काचेत प्रकाशाची थरथरण्याची दिशा वळवली होती. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध मनुष्याच्या डोळ्याला प्रथमच प्रत्यक्ष दिसला. पाच दिवसांनी अधिक जोरदार चुंबक आणल्यावर फ्लिंट काच व इतर पदार्थांतही तो परिणाम आढळला. पण दुबळ्या चुंबकानेही दिसेल इतका तो फक्त जड काचेत होता. तो तुकडा हाताशी नसता, तर बहुधा १३ तारखेलाही फॅरेडे यांनी नकारार्थी नोंद करून वही मिटली असती. नोव्हेंबरात तीच काच धाग्याने टांगून चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सोडली असता ती लोखंडासारखी ओढली न जाता आडवी राहिली. त्यावरून प्रतिचुंबकत्व हा दुसरा मोठा शोध लागला. दुर्बिणीला नालायक ठरलेल्या काचेने तीन महिन्यांत दोन शोध दिले. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात गणिताने मांडले, त्यामागे हाही प्रयोग होता.

१८५६ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, ते सोन्याकडे वळले. सोन्याचा पातळ वर्ख प्रकाशासमोर धरला तर पलीकडून हिरवा प्रकाश येतो. धातू पातळ होत गेला की प्रकाशाशी त्याचे वागणे कसे बदलते, हे त्यांना पाहायचे होते. सोन्याचे पापुद्रे रसायनांनी पातळ करून धुताना धुवणाच्या पाण्याला फिकी माणकासारखी लाल झाक आली. दुसरा कोणी ते पाणी मोरीत ओतता. फॅरेडे यांनी बाटलीत भरून ठेवले. पुढे सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी असे लाल द्रव मुद्दाम तयार केले. पाहायला ते स्वच्छ दिसे, पण प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसे. त्यावरून त्यांनी ताडले की यात सोने विरघळलेले नाही, तर सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने तरंगत आहे. चिमूटभर मीठ टाकले तर लाल रंग निळा होई. जुन्या लाल काचेचा रंगही अशाच सोन्याच्या कणांचा आहे, हेही त्यांनी जाणले. फेब्रुवारी १८५७ मध्ये हे संशोधन त्यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्यांतील काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत. त्या कणांचे माप काही नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आज नॅनो हा शब्द मोटारीपासून साबणापर्यंत कोठेही चिकटवतात; पण या विद्येचा एक मूळपुरुष म्हणून फॅरेडे यांचे नाव घ्यावे लागते.

१२ मार्च १८६२ रोजी त्यांनी शेवटचा प्रयोग नोंदवला. चुंबकाने ज्योतीच्या वर्णपटातील रेषा बदलतात का, असा प्रश्न होता. उत्तर आले, काही नाही. १८९६ साली हॉलंडच्या झीमान यांनी अधिक चांगल्या उपकरणांनी तोच परिणाम शोधून काढला आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. विजेने काचेतील प्रकाश बदलतो का, या फॅरेडे यांच्या दुसऱ्या निष्फळ प्रश्नाचे होकारार्थी उत्तर १८७५ साली ग्लासगोच्या जॉन केर यांनी दिले, आणि तेही काचेच्याच तुकड्यात. तोपर्यंत फॅरेडे राहिले नव्हते. राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते शांतपणे वारले. स्मरणशक्ती जवळजवळ गेली होती. हायगेटच्या स्मशानभूमीत, अगदी साध्या शिळेखाली, त्यांना पुरले आहे.

आता या जुन्या काचेचा आपल्याशी काय संबंध, ते थोडक्यात सांगतो. आज दूरध्वनी आणि संगणक यांचे संदेश केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जातात. लेसरमधून निघालेला प्रकाश पुढे कोठे तरी आपटून मागे आला, तर लेसरचे काम बिघडते. म्हणून वाटेत प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा बसवतात. चुंबकाच्या साहाय्याने वळवलेली दिशा प्रकाश उलट येताना पूर्ववत होत नाही, तर आणखी वळते, हे फॅरेडे यांनाच आढळले होते. त्यावरच हा दरवाजा चालतो. टर्बियम नावाचे मूलद्रव्य घातलेल्या काचा किंवा स्फटिक त्यासाठी वापरतात.

दुसरा उपयोग अजून बराचसा प्रयोगशाळेत आहे. काचतंतूंच्या जाळ्यात संदेश एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर घालायचा असतो. आगगाडीचे रूळ सांधेवाला बदलतो तसे. अनेक ठिकाणी त्यासाठी प्रकाशाची वीज करावी लागते आणि विजेचा पुन्हा प्रकाश. त्यात वेळ जातो आणि उष्णता वाढते. प्रकाशानेच प्रकाशाची वाट बदलली तर? प्रखर प्रकाश पडला की काचेचे वक्रीभवन किंचित बदलते, हे केर यांच्या शोधाचेच भावंड आहे. साध्या काचेत हा बदल फारच अल्प. पण काचेत सोन्याचे नॅनो कण मिसळले तर तो अनेक पटींनी वाढतो, आणि तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या वेळात. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये यावर महत्त्वाचे काम झाले आणि तेव्हापासून अनेक देशांत चालू आहे. अडचणीही आहेत. हे कण स्वतःच प्रकाश शोषून घेतात आणि तापतात. म्हणजे फॅरेडे यांची लाल बाटली आणि त्यांची काच एकत्र आली आहेत, पण भट्टी अजून चालू आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक तोटा पुढे नफा होतो, असे या चरित्रावरून कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. फॅरेडे यांचे अनेक प्रयोग निष्फळ झाले आणि निष्फळच राहिले. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्यासाठी त्यांनी पुनःपुन्हा घेतलेल्या कष्टांचे अखेरपर्यंत काही झाले नाही. काच परत आली याचे कारण दैव नव्हे. तुकडे जपलेले होते, ती कशी केली हे लिहून ठेवलेले होते, आणि चौदा वर्षांनी तिला पुन्हा बाहेर काढण्याची लाज त्यांना वाटली नाही. आम्हाला बुडीत कर्ज निर्लेखित करायला शिकवतात. पण निर्लेखित केले तरी खतावणीचे पान फाडायचे नसते. पुढे वसुली झालीच तर ती जमा करायला पान लागते.

पी. यु. सी.ची माझी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक वही घरी माळ्यावर होती. काचेच्या लोलकातून प्रकाश वळवण्याचा प्रयोग तिच्यात आहे. आकृती चुकलेली आणि खाली सरांची लाल खूण. नापास झाल्यावर मी ती रद्दीत घालणार होतो. हा लेख लिहिताना वक्रीभवन म्हणजे काय ते मला तिच्यातूनच पुन्हा समजून घ्यावे लागले. त्या वर्षाची एवढी वसुली झाली. पुढे आणखी होईल की नाही, सांगता येत नाही. वही मात्र आता माळ्यावर नाही; माझ्या हिशेबाच्या पुस्तकांशेजारी ठेवली आहे.